जपानी अक्षरं हाताने लिहायला शिकावीत, की नुसती वाचता आली तरी भागतं?

अबोली_साताऱ्याची
२२ मे, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापासून नागोयाजवळ राहतेय. लेक सहा वर्षांची, या एप्रिलमध्ये इथल्याच प्राथमिक शाळेत पहिलीत गेली. बोलायला मी बऱ्यापैकी शिकले, बाजारहाट करते, शेजारणींशी गप्पा मारते, पण वाचण्याच्या नावाने शून्य. आतापर्यंत सगळा कारभार फोनच्या कॅमेऱ्यावर चालला होता, कागदावर धरला की इंग्रजीत मजकूर येतो, झालं काम.

पण मागच्या आठवड्यात घात झाला. शाळेची सहल (एन्सोकु म्हणतात) पावसामुळे पुढे ढकलली होती. शाळेचं छापील पत्रक मी फोनने वाचलं होतं, पण नवीन तारीख बाईंनी लेकीच्या रेन्राकुच्योमध्ये, म्हणजे शाळा आणि घर यांच्यात निरोपांसाठी जी वही असते ना तिच्यात, लाल पेनाने हाताने लिहिली होती, उद्या सहल, बेन्तो (जेवणाचा डबा) आणा. फोनने त्या दोन ओळींचा काहीतरी भलताच अर्थ लावला आणि मला वाटलं चित्रकलेचं सामान मागितलंय. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं पाठीवर सॅक, त्यात डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आलेली, आणि माझी लेक दप्तर घेऊन उभी. मैत्रिणींनी आपापल्या डब्यातला एकेक ओनिगिरी (भाताचा गोळा) दिला तिला. घरी येऊन अगदी खुशीत सांगत होती की आई मी चार जणींचा डबा खाल्ला. मी मोरीत जाऊन रडले.

तर आता ठरवलंय की शिकायचंच. प्रश्न हा की नुसतं ओळखायला शिकू की लिहायलाही? वय ३४, हातात रोज फार तर पाऊण तास. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

फुरसतीत
२२ मे, रात्री ११:४८

ताई, आधी एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका, पोरीला मस्त आठवण मिळाली.

मी तोक्योत नऊ वर्षं आहे, आयटीत. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-टू पातळी पास. आणि मी लिहायला कधीच शिकलो नाही. त्या परीक्षेत एक अक्षरसुद्धा लिहायला लागत नाही, सगळे पर्याय निवडायचे असतात. ऑफिसात सगळं टाइप, उच्चार टाकला की कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अक्षरं, समोर येतात, आपण फक्त बरोबर असलेली निवडायची. रोजच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादी, जोयो कांजी, २०१० पासून २१३६ अक्षरांची आहे. त्या सगळ्या हाताने घोटायला बसलात तर चार-पाच वर्षं कुठेच जात नाहीत. त्याच यादीत उत्सु नावाचं एक अक्षर आहे, खिन्नता या अर्थाचं, त्याला २९ रेघा. जपानी माणसंसुद्धा ते लिहायला सांगितलं तर फोन काढून बघतात. माझं मत स्पष्ट आहे, पाऊण तासच असेल तर तो वाचण्यात घाला. अंकी नावाचं ॲप घ्या, रोज दहा नवीन अक्षरं, जुनी आपोआप समोर येत राहतात.

शाईपेन
२३ मे, सकाळी ७:२०

मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवतेय. फुरसतीत यांचं म्हणणं परीक्षेपुरतं आणि ऑफिसपुरतं शंभर टक्के खरं आहे. पण अबोलीताईंची अडचण परीक्षेची नाहीये हो, त्यांना लाल पेनाने घाईत लिहिलेल्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत. छापील अक्षर ओळखणारा माणूस हाताचं अक्षर बघून अडतो, आणि त्याचं कारण रेघांच्या क्रमात आहे.

सगळ्यात सोपी कांजी घ्या, कुचि म्हणजे तोंड. छापलेलं दिसतं चौकोनी डब्यासारखं. नवशिका तो डबा एका झटक्यात गोल फिरवून काढतो, किंवा चार बाजूंच्या चार रेघा मारतो. खरं तर तीन रेघा आहेत. पहिली डावी उभी, वरून खाली. दुसरी वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघते, उजवीकडे जाते आणि पेन न उचलता वळून खाली येते. तिसरी खालची आडवी, दार बंद करते. आता हेच कोणी घाईत लिहिलं की पेन पूर्ण उचलला जात नाही आणि दुसरी रेघ तिसरीत ओघळते, डब्याचा खालचा उजवा कोपरा गोल होऊन जातो. ज्याच्या हाताला हा क्रम माहीत आहे त्याला ते अजूनही कुचिच दिसतं, कारण पेन कुठून कुठे गेला असेल ते हात ओळखतो. ज्याने नुसता डबा पाठ केलाय त्याला ते एक वेडंवाकडं वेटोळं दिसतं. आपलंही तसंच आहे की, डॉक्टरांची चिठ्ठी किंवा आजोबांचं जुनं पत्र आपण वाचतो ते क कसा वळतो हे बोटांना माहीत असतं म्हणून.

दुसरं, फोनवर बोटाने अक्षर काढून शोधायची सोय असते, तीही क्रम चुकला की बऱ्याचदा भलतंच काहीतरी दाखवते. म्हणून माझा सल्ला मधला आहे. २१३६ लिहू नका. हिरागाना, काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या पूर्ण लिहा, आणि कांजी पहिलीतल्या ८० लिहा, नीट, क्रमाने. बाकी वाचा. त्या ८० लेकीलाही याच वर्षी आहेत, तिच्याच वहीत बसून गिरवता येतील.

आणि हो, वही चौकोनांचीच घ्या. एकेरी वहीत लिहू नका, आपला मराठी हात अक्षराला शिरोरेषेवर टांगतो, जपानी अक्षर मात्र चौकोनाच्या मधोमध उभं राहतं. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची अक्षरं वरच्या रेघेला चिकटलेली असतात, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कांजीच्या सरावाच्या वह्या मिळतात तिकडे, प्रत्येक चौकोनात फिकट ठिपक्यांची अधिक चिन्हासारखी खूण असते, त्यामुळे चार भाग पडतात आणि कुठली रेघ कुठल्या घरात सुरू होते ते कळतं.

गवतीचहा
२३ मे, दुपारी १:०५

मी पण याच बोटीत! पुण्यातूनच डिसेंबरला एन-फाइव्ह देतेय. हिरागाना जमली, पण काताकानातले शि आणि त्सु, न आणि सो यांनी जीव खाल्लाय, चौघं एकाच आईची लेकरं वाटतात. काही युक्ती?

शाईपेन
२३ मे, दुपारी ३:३०

आहे. शि मधल्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक, डाव्या कडेला रांगेत, आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु मध्ये छोट्या रेघा शेजारी-शेजारी, वरच्या कडेला, आणि लांब रेघ वरून खाली येते. आता हिरागानातला शि आठवा, डावीकडे खाली उतरतो आणि मग उजवीकडे वर वळतो. हिरागानातला त्सु वरून उजवीकडे जातो आणि खाली वळतो. म्हणजे दोन्ही लिप्यांत त्या अक्षराची चाल एकच. न हा शिच्या घरचा, खालून वर. सो त्सुच्या घरचा, वरून खाली. नुसतं बघून हे चौघं कधीच वेगळे होत नाहीत, वीस-वीस वेळा लिहा मग बघा.

पायवाट
२३ मे, रात्री ९:१५

धागा बघून राहवलं नाही. निवृत्त माणूस आहे, जपानी येत नाही फारसं, पण लिप्यांचा नाद आहे आणि दोनदा जपानमधल्या कोयासान या बौद्ध तीर्थाला जाऊन आलोय.

जपानी अक्षरमालेचा क्रम म्हणून बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आणि आपला: अ, मग कवर्ग, चवर्ग, तवर्ग, न, पवर्ग, म, य, र, व. टवर्ग त्यांच्याकडे नाहीच, तो गळाला. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्खू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, तिच्या वर्णमालेचा क्रम पुढे त्यांच्या अक्षरांना लागला. प च्या जागी हा कसा? तर फार पूर्वी जपानीत तो उच्चार प असाच होता, पुढे घसरत ह झाला. म्हणूनच हा ला दोन टिंब्या दिल्या की बा होतो आणि गोल दिला की पा. का चा गा, ता चा दा हे समजतं, पण हा चा बा का, असं कोणी विचारलं तर उत्तर आपल्या पवर्गात आहे.

कोयासानच्या ओकुनोइन दफनभूमीत उंच सुगी वृक्षांखाली पाच थरांची दगडी स्मारकं आहेत. प्रत्येक थरावर एक सिद्धम् अक्षर. तळाच्या चौकोनावर अ, पृथ्वी. त्यावर गोल, व, पाणी. मग उतरत्या छपराचा थर, र, अग्नी. मग अर्धगोल, ह, वारा. शेंड्याला ख, आकाश. खग म्हणजे आकाशात जाणारा, तोच हा ख. कूकाई हे भिक्खू ८०४ साली चीनला गेले आणि ८०६ मध्ये मंत्रविद्या घेऊन परतले, त्यांनी हे पीठ उभं केलं. मी त्या दगडापाशी उभा राहून तो र बराच वेळ बघत होतो. आपल्या र चा चुलता आहे तो, ओळख लगेच पटते.

तेव्हा अबोलीताई, ती अक्षरमाला परकी समजू नका. शब्दकोश उघडलात की शब्द कुठे सापडेल हे तुम्हाला आपल्या वर्णमालेवरूनच कळेल.

शेवगा
२३ मे, रात्री १०:०२

पायवाट काका, तो प चा ह आयुष्यभर विसरणार नाही. धन्यवाद.

माझ्याकडून एक छोटी गोष्ट. सासरचं आडनाव जोशी. काताकानात लिहिताना छोट्या आडव्या रेघेकडे नीट लक्ष द्या, ती स्वर लांबवते. जोशि असं आखूड ठेवलं तर जपानी कानाला त्याचा अर्थ मुली-बायका असा लागतो, जोओशि असं लांबवलं तर वरिष्ठ, साहेब. आम्ही नोंदणी करताना लांबवलं, नवरा खूश आहे. कुलकर्णींचं कुरुकारुनि होतं, पाच अक्षरी. ल आणि ळ दोघंही र च्या घरी जातात.

फुरसतीत
२४ मे, सकाळी ८:४०

शाईपेन बाई, काल रात्री तुमचा कुचिवाला प्रतिसाद वाचून वहीवर लिहून बघितलं. मी नऊ वर्षं ते चार रेघांनी काढतोय.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण एक कबूल करतो. वॉर्ड ऑफिसात गेलो की नाव-पत्ता हाताने लिहायचा अर्ज येतो आणि मी दर वेळी निवासी कार्ड समोर ठेवून चित्र काढल्यासारखा स्वतःचा पत्ता उतरवतो. मागची रांग बघत असते. त्यामुळे ताई, त्या ८० मध्ये आपला पत्ता घाला. शहर, वॉर्ड, मोहल्ला, सगळ्या कांजी. अर्जावर नावाच्या वर एक ओळ असते, फुरिगाना म्हणून, उच्चार लिहायची. तो शब्द काताकानात छापलेला असेल तर काताकानात भरायचं, हिरागानात छापलेला असेल तर हिरागानात. हे मला तीन वर्षांनी कळलं.

अबोली_साताऱ्याची
१७ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे खूप आभार, प्रतिसाद परत परत वाचलेत. आता प्रगती सांगते.

हिरागाना ४६ आणि काताकाना ४६, दोन्ही झाल्या. लेकीच्या शेजारी बसून तिची वही आणि माझी वही. सुरुवातीला फार राग आला, कारण मी बाराखडीची सवय घेऊन बसले होते. आपल्याकडे क कळला की का कि की कु सगळी रांग मागे येते, मात्रा-वेलांटीच तर बदलायची. इथे का वेगळा, कि वेगळा, कु वेगळा, एकाचा दुसऱ्याशी तोंडावळ्याचा संबंध नाही. फक्त टिंब्यांचा नियम आपल्यासारखा शिस्तीचा, का ला दोन टिंब्या की गा.

पण मग काही गोष्टी इतक्या आपल्या निघाल्या की मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्यांचा शेवटचा न आपल्या अनुस्वारासारखाच वागतो. वर्तमानपत्राला शिनबुन लिहितात आणि म्हणतात शिम्बुन, आपण अंबा लिहून अम्बा म्हणतो तसं, पुढचं अक्षर बघून नाक बदलतं. छोटा त्सु म्हणजे आपलं द्वित्त, किते म्हणजे ये आणि कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट, पता आणि पत्ता. छोटा या-यु-यो म्हणजे जोडाक्षर, ब्योइन म्हणजे इस्पितळ आणि तोच यो मोठा लिहिला की बियोइन, ब्यूटी पार्लर! आणि त्सु चा उच्चार माझ्या उत्तर भारतीय मैत्रिणीला अजून जमत नाही, मला पहिल्या दिवशी जमला, चुलीतला च आहे तो. झु म्हणजे जुन्यातला जु.

एक गंमत हाताची. छापलेल्या कि मध्ये खालचा बाक वरच्या रेघेला जोडलेला असतो. मी तसाच लिहिला तर लेक म्हणाली आई असं नाही, इथे थांबायचं, पेन उचलायचा, मग खालचा वेगळा काढायचा. वर्गात तसंच शिकवलंय तिला. तिने माझ्या हातावर हात ठेवून तीनदा गिरवून घेतला. दोन महिन्यांपूर्वी मी तिच्या हातावर हात ठेवून मराठी अ गिरवत होते.

कांजी २५ झाल्या. उजवा आणि डावा (मिगि आणि हिदारि) यांनी मात्र चक्रावले. वरची आडवी रेघ आणि तिला छेदणारी तिरकी रेघ दोघांत सारखीच, पण उजव्यात तिरकी आधी आणि डाव्यात आडवी आधी. असं का? आणि दुसरं, एकाच अक्षराचे दोन-दोन तीन-तीन उच्चार कसे लक्षात ठेवायचे? पाणी कधी मिझु कधी सुइ.

शाईपेन
१८ जुलै, सकाळी ६:५५

तुमच्या लेकीचं ते हातावर हात ठेवणं वाचून सकाळ फार छान गेली माझी.

मिगि-हिदारिचं कारण जुनं आहे. तो फुलीसारखा भाग म्हणजे मुळात हाताचं चित्र, एकात उजवा हात, एकात डावा. दोन्ही हात आरशात बघितल्यासारखे उलटे होते, त्यामुळे मनगटाची रेघ आणि बोटांची रेघ यांची दिशा उलट. पुढे आकार सारखे झाले, क्रम मात्र वेगळा राहिला. रेघांची लांबीही बघा, मिगि मध्ये आडवी लांब आणि तिरकी आखूड, हिदारि मध्ये उलट. सुलेखनवाले यावर फार भर देतात.

उच्चारांचं म्हणाल तर मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड नाही. आपण पेल्यात असतं त्याला पाणी म्हणतो, पण जोडशब्दात? जलाशय, जलवाहिनी, जलप्रपात. तिथे पाणी बसत नाही, संस्कृतातून आलेला जल बसतो. तसंच त्यांचं. एकटं असताना मिझु, घरचा शब्द. जोडशब्दात सुइ, चीनमधून आलेला. सुइयोबि म्हणजे बुधवार, सुइदो म्हणजे नळाचं पाणी. डोंगर एकटा असेल तर यामा, जोडीत सान. फुजीसान मधला सान हा मानाचा सान नाही, हाच डोंगरवाला. सगळ्या शब्दांना हे लागू नाही, अपवाद भरपूर, पण निम्मा गुंता इथेच सुटतो. उच्चार सुटे पाठ करू नका, शब्द पाठ करा.

आणि आता अक्षरांचे घटक बघायला लागा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतील (सान्झुइ) तर गोष्ट ओलाव्याची: समुद्र, तळं, पोहणं, धुणं, घाम, अश्रू. तुमची ती सहल, एन्सोकु, पहिलं अक्षर लांब आणि दुसरं पाय. लांबपर्यंत पायी. सोकु वाला पाय पहिलीच्या ८० मध्येच आहे.

गवतीचहा
१८ जुलै, सकाळी ९:३०

पाणी-जल!! आमच्या क्लासात सगळ्यांना पाठवलं हे. आणि शि-त्सु आता डोळे मिटून येतात.

अबोली_साताऱ्याची
२१ नोव्हेंबर, दुपारी २:१५

धागा वर काढतेय.

परवा रात्री लेकीला ताप भरला. इकडे मूल येणार नसेल तर आमच्या शाळेत अजून वहीच पाठवायची पद्धत आहे, शेजारची मुलगी सकाळी जाताना रेन्राकुच्यो घेऊन जाते. एरवी नवरा लिहायचा टाइप करून, बघून बघून. तो दौऱ्यावर. सकाळी सात वाजता मी पेन घेऊन बसले. नेत्सु गा आरु नोदे यासुमिमासु. ताप आहे म्हणून सुट्टी घेतोय. नेत्सु ची कांजी येत नव्हती, ती हिरागानात लिहिली. यासुमि मात्र कांजीत लिहिलं, डावीकडे माणूस, उजवीकडे झाड, झाडाला टेकून बसलेला माणूस म्हणजे विश्रांती. सहा रेघा. झाडाची उभी रेघ थोडी वाकडी गेली, पण तो सगळा मजकूर माझ्या हातचा होता. मग खाली नाव, काताकानात.

संध्याकाळी वही परत आली. माझ्या ओळीखाली बाईंचा छोटा लाल शिक्का आणि पेनाने घाईघाईत लिहिलेली एक ओळ. फोन स्वयंपाकघरात होता, मी दारातच उभी राहून वाचली. ओदाइजि नि. काळजी घ्या. मोठा वालं अक्षर पहिलीतलं, मला येतं. जि वालं येत नव्हतं, पण त्यातला डबा दिसला, कुचि, खालचा कोपरा गोल झालेला, अगदी शाईपेन ताईंनी सांगितला तसा.

लेक आता बरी आहे. ८० पैकी ७१ झाल्या, पत्त्याच्या सगळ्या येतात. दुसरीत १६० नवीन आहेत म्हणे, त्याही घेणार आहे.

आता एक नवीन प्रश्न. जानेवारीत काकिझोमे आहे, नव्या वर्षातलं पहिलं लेखन. पहिलीच्या मुलांना पेन्सिलनेच करायचंय, ब्रश शाळेत तिसरीपासून देतात. पण शेजारच्या आजी म्हणाल्या तू माझ्याकडे ये, ब्रश-शाई देते, २ तारखेला लिहू. मला पहिलीतल्याच कांजींमधलं काहीतरी सुचवा ना, जे ब्रशने पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जमेल.

शाईपेन
२१ नोव्हेंबर, दुपारी ४:००

ताई, डोळे भरून आले. बाईंच्या त्या जि मध्ये डब्यातून एक उभी रेघ आरपार खाली जाते आणि टोकाला डावीकडे छोटा आकडा घेते, ती पुढच्या वेळी निरखून बघा.

काकिझोमेसाठी "आओझोरा" घ्या, निळं आकाश. दोन्ही अक्षरं पहिलीतली, दोन्ही आठ-आठ रेघांची, कागदावर एकाखाली एक छान बसतात. निळ्यातल्या पहिल्या तीन आडव्या रेघांत तिसरी सगळ्यात लांब ठेवा. ब्रश टेकवल्यावर क्षणभर थांबा, मग ओढा, आणि शेवटी पुन्हा थांबून उचला.

पायवाट
२१ नोव्हेंबर, रात्री ८:५०

लिहिलंत की फोटो टाका इथे. वाट बघतोय.